संसर्गजन्य नसल्याचा दाखला

युरिया असलेलं मलम आहे का, असं मी सेलूतल्या एका औषध दुकानात विचारलं, तेव्हा दुकानदारानं चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि अतिशय सौजन्यानं पुढच्या चौकातल्या कृषी सेवा केंद्राचा रस्ता दाखवला. मी डॉक्टरांची चिठ्ठी पुढं केली. ती त्यानं उलटसुलट करून वाचली, आत कुणाला तरी विचारलं आणि परभणीहून मागवावं लागेल असं सांगितलं. तेवढ्यात खोकल्याचं औषध घ्यायला आलेला एक शेतकरी माझ्या कानाशी आला आणि युरियाबरोबर इथंही दुसरं काही गळ्यात मारतात का, अशी आपुलकीनं चौकशी करू लागला. मी मारतात म्हणालो. मलम अजून यायचं होतं, पण एक साबण आणि दात घासायचा ब्रश माझ्या पिशवीत आधीच येऊन पडला होता.

मलम दोघांसाठी हवं होतं. एक मी आणि दुसरी माझी आठवीतली मुलगी स्वरदा. आम्हा दोघांची कातडी जन्मापासून कोरडी आहे. थंडीत तुमच्या गालावर पांढरे चट्टे उठतात आणि तुम्ही कोरडं कोरडं म्हणून गावभर सांगता, त्याच्याशी ह्याचा काही संबंध नाही. आमच्या नडग्यांवर आणि दंडांवर चक्क खवले असतात, घोट्यांना भेगा पडतात, आणि सोफ्यावर पांढरा भुगा सांडलेला असतो त्यावरून आम्ही कुठं बसून गेलो ते घरच्यांना कळतं. माझे वडील गोविंदराव यांचंही अंग असंच होतं. दुसऱ्या घराण्यांत जमिनी उतरतात, आमच्यात कातडी उतरली, आणि तिच्यावर भाऊबंदांपैकी कुणी अजून हक्क सांगितलेला नाही. परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी ह्या प्रकाराला इक्थिऑसिस म्हणतात असं सांगितलं. मी एका शाळेत वरिष्ठ लिपिक आहे, त्यामुळं नाव कळल्यावर मला फार बरं वाटलं. नाव असलं की निदान फाईल उघडता येते.

इतकी वर्षं आम्ही खोबरेल तेलावर भागवलं होतं. ह्या वर्षी मात्र स्वरदा तिच्या शाळेच्या मुलींच्या कबड्डी संघात निवडली गेली, तीही चढाईला. दिवाळीनंतर परभणीकडचा तो कोरडा गार वारा सुटला आणि सरावात तिच्या घोट्यांतून रक्त यायला लागलं. त्यांचे खेळाचे शिक्षक महारुद्र सर. माणूस गडगडाटी, पण मनानं मऊ. पाय असे फुटत राहिले तर तालुक्याच्या स्पर्धेत तिला बाहेर बसवावं लागेल, असं त्यांनी माझ्या ऑफिसात येऊन सांगितलं आणि सांगताना स्वतःच खाली बघत राहिले. पोरगी घरी येऊन जेवली नाही. तेव्हा मी ठरवलं की स्पर्धेपर्यंत हिची कातडी खेळण्याजोगी करायचीच.

डॉक्टरीणबाईंचं म्हणणं सोपं होतं. हे मुळातून जाणार नाही, पण रोज सांभाळलं तर त्रास पुष्कळ कमी होईल. कढत पाण्यानं अंघोळ करायची नाही. फार वेळ करायची नाही. अंग घासायचं नाही. टॉवेलनं नुसतं टिपायचं आणि अंग ओलसर आहे तोवर मलम लावायचं, त्यावर व्हॅसलिन. हे रोज करायचं, आज केलं उद्या राहिलं असं चालायचं नाही. स्वरदानं सगळं ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर एक अट घातली. "बाबा, तुमी पण लावणार असाल तर लावते. एकटीनं नाही लावायचं मला." ह्या वयात अंगाला मलम फासून घेणं माझ्या हुद्द्याला शोभणारं नव्हतं, पण मुलगी जेवत नव्हती.

आमच्या घरी न्हाणीघर एकच आहे. एकाची अंघोळ संपते तेव्हाच दुसऱ्याचं मलम डब्यातून निघत नसतं, आणि अंग तर वाळत चाललेलं असतं. त्यामुळं रोज सकाळी दोन तुळतुळीत माणसं घरभर धावताना माझ्या पत्नीला, राजेश्रीला, बघावी लागत. दाराच्या कड्या हातातून निसटू लागल्या. पेपर वाचायला घेतला तर जिल्ह्याच्या बातम्या माझ्या कोपरावर उमटू लागल्या. राजेश्री बोलायची काही नाही, पण आमच्या चादरी वेगळ्या भिजवताना मोरीतून जो आवाज यायचा त्यात सगळं यायचं.

शाळेत माझी इज्जत गेली ती दोन टप्प्यांत. आमच्याकडं हजेरीचं अंगठ्याचं यंत्र आहे. पूर्वी माझा अंगठा इतका कोरडा असायचा की यंत्राला तो माणसाचा वाटत नसे, म्हणून मी त्यावर हळूच फुंकर मारून काम भागवायचो. आता तो इतका मऊ झाला की यंत्रावरून घसरू लागला. सगळ्यांच्या रजा कापणारा मी, मलाच यंत्रानं बिनपगारी केलं. मुख्याध्यापकांनी माझ्याकडं मीच मी असल्याबद्दल लेखी खुलासा मागितला. तो मी लिहिला, आवक क्रमांक घातला आणि माझ्याच टेबलावर ठेवून घेतला.

दुसरा टप्पा कापसाचा. माझ्या शाळेच्या वाटेवर जिनिंग आहे. सेलूत ह्या दिवसांत जिनिंगच्या बाजूनं जाताना हवेत रुईचे तंतू तरंगत असतात. सगळ्या गावाच्या अंगावरून ते जातात, माझ्या अंगावर मात्र मुक्कामाला थांबले. मान, कान, मनगटं, भुवया. शाळेत पोचलो तेव्हा पोरं उठून उभी राहिली. आदरानं उभी राहिली असं मला वाटलं. मग शिपाई किशनराव यांनी मला बाजूला घेऊन, साहेब, घरी काही वाईट झालं का, एकदम एवढे पिकलात, असं हलक्या आवाजात विचारलं. त्यानंतर मी स्टेशनाला वळसा घालून जाऊ लागलो.

एवढं झाल्यावर शेजारी गप्प बसणं शक्यच नव्हतं. आमच्या डावीकडं दिनकरराव राहतात. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, पण पाण्यावरचा त्यांचा अधिकार निवृत्त झालेला नाही. त्यांच्या मते हा सगळा बोअरच्या जड पाण्याचा प्रताप होता आणि धरणातला गाळ अंगाला फासून उन्हात बसणं हाच इलाज होता. गाळ कुठल्या बाजूचा घ्यायचा हेही त्यांनी नकाशा काढून दाखवलं. समोरच्या बायनाबाईंनी वेगळं निदान केलं. "घराण्यात कुणी तरी नाग मारला असंल बघा. त्याबिगर अशी खवल्याची कात येत न्हाई. वारुळाला दूध घाला." राजेश्रीनं त्यांना चहा दिला आणि सांगितलं की ह्यांच्या घराण्यात पालीला हाकलायचं तरी आधी अर्ज करावा लागतो, नाग कोण मारणार. बायनाबाई चहा पिऊन गेल्या, पण जाताना स्वरदाच्या डोक्यावरून कडाकडा बोटं मोडून गेल्या, ते मला आवडलं.

आणि मलमाचा गुण आला. महिनाभरात स्वरदाच्या घोट्याच्या भेगा मिटल्या. ती आरशासमोर उभी राहून पोटऱ्या वळवून वळवून बघू लागली. महारुद्र सरांनी सरावात तिला पुन्हा चढाईला पाठवलं. फक्त त्यांनी एक नियम समजावून सांगितला. कबड्डीत अंगाला तेल किंवा तेलकट काही लावून उतरता येत नाही, कारण मग खेळाडू हातातून निसटतो. म्हणून मलम आदल्या संध्याकाळी लावायचं, सामन्याच्या सकाळी काही नाही, सामना संपला की पुन्हा लावायचं. डॉक्टरीणबाईंनीही फोनवर ह्याला होकार दिला. इथं सगळं सुरळीत झालं होतं. इथं एखादा शहाणा माणूस थांबला असता.

पण संघातल्या एका मुलीच्या आईनं सरांना विचारलं की स्वरदाचं ते, आपलं, अंगाचं, दुसऱ्या पोरींना लागत तर नाही ना. सरांनी तिथल्या तिथं बाईंना गप्प केलं आणि मला सहज म्हणून सांगितलं. मला सहज काही सांगू नये. जे कागदावर नाही ते जगात नाही, अशी माझी नोकरीतली श्रद्धा आहे. मी ठरवलं की स्वरदाचा आजार संसर्गजन्य नाही असा दाखलाच आणायचा, म्हणजे कुणाचं तोंड उघडायला नको.

डॉक्टरीणबाईंनी लगेच लिहून दिला. पण स्पर्धा समितीच्या कारकुनानं तो बोटाच्या टोकानं परत केला. दाखला सरकारी दवाखान्याचा पाहिजे. सरकारी दवाखान्यात त्वचेचे डॉक्टर बाहेरगावाहून ठरलेल्या वारी येत आणि त्या वारी नेमकी सुट्टी निघे. एकदाचे ते भेटले, तर त्यांच्याकडं अपंगत्वाचा नमुना होता, तंदुरुस्तीचा होता, साथीच्या रोगाचा होता. नसलेल्या रोगाचा नमुना नव्हता. तसा तो आधी कुणी मागितलाच नव्हता. मीच तिथं बाकावर बसून मसुदा लिहून दिला. मग शिक्का गोल पाहिजे की चौकोनी ह्यावरून समितीच्या कारकुनानं मला आणखी एकदा फिरवलं. काउंटरच्या पलीकडं बसलेल्या त्या माणसाकडं बघताना मला सारखं वाटत होतं की ह्याला मी कुठं तरी पाहिलंय. घरी येऊन तोंड धुताना आरशात पाहिलं आणि लक्षात आलं.

दाखला अखेर मिळाला. मी तो लॅमिनेट करून घेतला.

सामन्याची सकाळ चांगलीच गार होती. वारा कापत होता. स्वरदा शाळेच्या निळ्या अर्ध्या चड्डीत आणि बिनबाह्यांच्या बनियनमध्ये तयार होऊन बसली होती. ह्याआधी ती घराबाहेर कधी पूर्ण बाह्यांशिवाय गेली नव्हती. तिच्या नडगीवर मला पांढरं दिसलं. पहिल्याच पकडीत कातडी फुटली, रक्त आलं आणि पंचांनी बाहेर काढलं तर? मी डबा घेऊन गेलो. ती नको म्हणाली. सरांनी सांगितलंय ना, म्हणाली. मी म्हणालो, अगदी थोडंसं, दिसणारसुद्धा नाही. माझं थोडंसं म्हणजे काय ते चादरींना माहीत होतं. राजेश्री स्वयंपाकघरात डबा भरत होती, नाही तर तिनं माझा हात धरला असता.

मैदानावर तालुक्यातल्या एका खेड्याच्या शाळेचा संघ समोर होता. काटक पोरी, शेतात राबलेले हात. स्वरदा पहिल्या चढाईला गेली, एकीला शिवली, आणि त्यांच्या कर्णधार मुलीनं तिचा घोटा दोन्ही हातांनी पकडला. घोटा साबणासारखा सुटला. दुसऱ्या चढाईत मनगट सुटलं. तिसऱ्या चढाईत दोघींनी मिळून धरलं आणि स्वरदा दोघींमधून सरकून मध्यरेषेवर आली, तेव्हा तिकडच्या सरांनी हात वर केला. कबड्डीत मुख्य पंचाला सरपंच म्हणतात. ते आले, त्यांनी स्वरदाच्या दंडावरून बोट फिरवलं आणि बोट उन्हात धरून बघितलं. बोट चमकत होतं.

त्याच क्षणी मी दाखला घेऊन मैदानात शिरलो. महारुद्र सर मागून काहीतरी म्हणत होते, ते मी ऐकलं नाही. मी सरपंचांना दाखला दाखवला, टेबलावरच्या लोकांना दाखवला, आणि हा रीतसर जाहीर करावा असा आग्रह धरला. जाहीर केलं नाही तर उपयोग काय, असंही म्हणालो. ध्वनिक्षेपकावरच्या माणसाला माझा आवाज चढलेला जाणवला, त्यानं माझ्या हातून दाखला घेतला आणि मोठ्यानं वाचला. सदर विद्यार्थिनीस त्वचेचा आनुवंशिक आजार असून तो संसर्गजन्य नाही. त्या भोंग्यातून गावभर ऐकू गेला असेल. त्यातलं 'नाही' मात्र वाऱ्यानं नेलं की काय कोण जाणे.

सरपंच शांतपणे म्हणाले की कागद आजाराचा आहे, तेलाचा नाही, आणि मुलीनं अंग धुऊन यावं. स्वरदा नळाशी गेली. गार पाणी, कुणाचा तरी कपड्यांचा साबण. राजेश्रीनं तिचं अंग टिपलं. ती माझ्याकडं न बघता माझ्यासमोरून मैदानात गेली. धुतल्यावर वाऱ्यात तिची कातडी पांढरी पडली होती आणि हातापायांवरचा एकेक खवला उन्हात दिसत होता. मला जमीन फाटली तर बरं असं वाटलं. गेल्या महिनाभरात माझ्या झालेल्या सगळ्या फजित्या मला त्या क्षणी क्षुल्लक वाटल्या.

खेळ सुरू झाला. स्वरदा चढाईला गेली, एकीला शिवली आणि परत आली. कुणी धरलं नाही. पुन्हा गेली. दोघींना शिवली, त्या दोघी हात आखडून मागं सरल्या. पुढच्या वेळी कोपऱ्यातली मुलगी तिला चुकवायला म्हणून रेषेबाहेरच गेली आणि बाद झाली. आमच्या बाजूची माणसं टाळ्या वाजवू लागली. दिनकरराव उभे राहून ओरडत होते. गुण चढत होते आणि मीही, लाज वाटते सांगायला, दोन-तीन टाळ्या वाजवल्या. मग मला स्वरदाचा चेहरा दिसला.

मध्यंतर झालं तशी ती आमच्याकडं आली. पाणी घेतलं नाही. "बाबा, त्या मला धरंनात," ती म्हणाली. डोळे भरलेले होते, पण आवाज रागाचा होता. मी म्हणालो की आपण जिंकायलोत ना. ती म्हणाली, "ह्याला काय कबड्डी म्हणत्यात का? मी एकटीच पळायलेय." आणि माझं उत्तर यायच्या आत वळून सरळ समोरच्या संघाकडं चालत गेली. मी निघालो होतो मागं, पण राजेश्रीनं माझा सदरा धरला. इतक्या दिवसांत माझ्या अंगावरचं काहीतरी तिच्या हातातून पहिल्यांदाच निसटलं नाही.

त्या पोरी घोळका करून लिंबू चोखत होत्या. स्वरदानं आपला हात त्यांच्या कर्णधार मुलीच्या पुढं लांब केला आणि काहीतरी बोलली. ती मुलगी आधी आपल्या सरांकडं बघू लागली. मग तिनं एका बोटानं स्वरदाच्या दंडाला हात लावला. मग सगळा पंजा लावला. मग चक्क घासून बघितला. मैदान लहान होतं, ती पुढं बोलली ते आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"हे तर खरबरीत हाय. धरायला लय बरं हाय की."

बाकीच्या पोरींनी एकेक करून हात लावून बघितला. कुणीतरी हसलं, स्वरदाही हसली. महारुद्र सर माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले की आता मात्र आपली काही धडगत नाही.

ते खरंच झालं. दुसऱ्या डावात स्वरदा पहिलीच चढाई घेऊन गेली आणि त्या कर्णधार मुलीनं तिच्या घोट्याला अशी मिठी मारली की पाय हलेना. दुसरीनं कंबर धरली. बाकीच्या वरून पडल्या. पोरींच्या त्या ढिगाऱ्यातून 'कबड्डी कबड्डी' असा स्वरदाचा बारीक होत गेलेला आवाज येत होता आणि तिचा मातीनं भरलेला एक हात मध्यरेषेकडं सरकत होता. पोचला नाही. शिट्टी झाली. ती बाद होऊन उठली तेव्हा तिच्या तोंडावर इतकं हसू होतं की पंचांनी तिला बाहेर जायची खूण दुसऱ्यांदा करावी लागली. पुढं त्यांनी तिला वारंवार धरलं. तिनंही जीव तोडून दोनदा हिसका देऊन सुटका करून घेतली. शेवटी आम्ही थोडक्यात हरलो. दिनकरराव दुसऱ्या दिवशीपर्यंत कुणाशी बोलले नाहीत.

संध्याकाळी तिची कोमट पाण्यानं अंघोळ झाली. मैदानावरून आल्यापासून ती माझ्याशी बोलली नव्हती, आणि बरोबरच होतं. मी मलमाचा डबा घेऊन जाजमावर बसलो, पण पुढं करायचा धीर होत नव्हता. चुकलो गं मी, असं म्हणालो. ती येऊन बसली आणि पाय माझ्या मांडीवर ठेवला. मी नडगीपासून लावत लावत घोट्यापर्यंत आलो, तेव्हा तिनं माझा हात थांबवला. घोट्यावर त्या मुलीच्या चार बोटांचे आणि अंगठ्याचे लाल वळ उठले होते.

"तिथं नका लावू, बाबा. तेवढं राहू द्या आज," ती म्हणाली.

मी ती बोटं सोडून भोवतीनं मलम लावलं.